आईला दिलेला शब्द

रमजानच्या रात्री मशिदींमध्ये तरावीहची नमाज होते आणि महिनाभरात हाफिजांच्या मुखातून संपूर्ण कुरआन ऐकला जातो. मागे उभ्या असलेल्या अनेकांना अरबी समजत नाही. तरीही एक नाव काही दिवसांत कानांच्या ओळखीचे होते, कारण ते पुन्हा पुन्हा येत राहते. ते नाव आहे हजरत मूसा यांचे. कुरआनात ‘मुहंमद’ हे नाव चार वेळा येते, मूसांचे मात्र सुमारे १३६ वेळा. आपले ज्यू आणि ख्रिस्ती बांधव त्यांनाच मोशे म्हणतात. त्यांना दिला गेलेला तौरात हा ग्रंथही रमजानच्याच महिन्यात उतरला, असे एक हदीस सांगते. म्हणून या महिन्यात त्यांचे चरित्र आठवणे औचित्याचे ठरावे.

मूसांचे चरित्र म्हणजे एका वचनाची कथा आहे. हे वचन त्यांच्या जन्माच्या कितीतरी पिढ्या आधी हजरत इब्राहिम यांना मिळाले होते. त्यांची संतती परमुलखात परकी म्हणून राहील, चारशे वर्षे गुलामी सोसेल आणि मग ईश्वर तिला तिथून बाहेर काढील, असे तौरातमध्ये सांगितले आहे. कुरआन याच इब्राहिमांची आणखी एक गोष्ट सांगतो. अनेक कसोट्यांना उतरल्यावर अल्लाहने त्यांना लोकांचे इमाम केले, तेव्हा त्यांनी बापाच्या मायेने आपल्या वंशजांबद्दल विचारले. उत्तर असे मिळाले की, अन्याय करणाऱ्यांपर्यंत हे वचन पोहोचत नाही. म्हणजे वचनाला पहिल्या दिवसापासून एक अट होती. पुढची सारी कथा वाचताना ही अट ध्यानात ठेवावी लागते.

इब्राहिमांचे नातू याकूब यांचेच दुसरे नाव इस्राईल. त्यांचा वंशविस्तार म्हणजे बनी इस्राईल. याकूबांचे लाडके पुत्र यूसुफ यांना सख्ख्या-सावत्र नात्याचा विचार न करता भावांनी विहिरीत टाकले. तिथून ते इजिप्तच्या बाजारात विकले गेले, तुरुंगात पडले आणि अखेर त्याच देशाच्या धान्यकोठारांचे कारभारी झाले. दुष्काळात त्यांनी सारे घराणे जवळ बोलावून घेतले. तौरातच्या मोजणीनुसार ती सत्तर माणसे होती. इजिप्तने यूसुफांना सत्ता दिली, मानमरातब दिला. तरीही मरण्यापूर्वी त्यांनी आपल्या लोकांकडून शपथ घेतली की, ईश्वर जेव्हा तुम्हाला इथून नेईल तेव्हा माझ्या अस्थी इथे मागे राहू नयेत. वाड्यात राहणाऱ्या त्या माणसाचा त्या जुन्या शब्दावर एवढा भरवसा होता.

मग पिढ्या उलटल्या. यूसुफांचे उपकार विसरलेले राजे गादीवर आले. इजिप्तच्या राजाला कुरआन फिरऔन म्हणतो, मराठी बायबलमध्ये तो फारो आहे. पाहुणे म्हणून आलेले लोक आता त्याला डोईजड वाटू लागले. त्याने त्यांना विटा पाडायला आणि नगरे बांधायला जुंपले. तेवढ्याने त्यांची संख्या घटेना, तेव्हा जन्मणारे मुलगे मारण्याचा आणि मुली जिवंत ठेवण्याचा हुकूम काढला. त्या दिवसांत बनी इस्राईलच्या कुणा घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज येणे म्हणजे मरणाला आवतण होते. चारशे वर्षांपूर्वीचे वचन तेव्हा कितीजणांना आठवत असेल, आणि आठवत असले तरी किती खरे वाटत असेल?

अशा वेळी मूसांचा जन्म झाला. त्यांच्या आईचे नाव तौरातमध्ये योखेबेद असे आहे. कुरआन तिला केवळ मूसाची आई म्हणतो. या माऊलीच्या मनात अल्लाहने एक गोष्ट घातली. बाळाला पाज, आणि जिवाची भीती वाटू लागली की नदीत सोडून दे. सोबत दोन वचनेही दिली. हे बाळ तुझ्याकडे परत येईल, आणि पुढे तो प्रेषित होईल. आपल्या हाताने तान्हे बाळ नाईलच्या पाण्यात सोडायचे आणि ते परत येईल यावर विश्वास ठेवायचा, हे सांगणे सोपे आहे. कुरआनही ते सोपे होते असे म्हणत नाही. पेटी पाण्यावर सरकली आणि त्या आईचे काळीज रिकामे झाले, ती सारे काही बोलून टाकण्याच्या बेतात होती, अल्लाहने तिच्या मनाला धीर दिला म्हणून ती सावरली, असे त्याचे वर्णन आहे.

तिने मोठ्या मुलीला पेटीच्या मागावर पाठवले. पेटी वाहत वाहत नेमकी फिरऔनच्या वाड्यापाशी लागली. ज्याच्या भीतीने बाळ सोडले, त्याच्याच दारात ते गेले. राजाच्या पत्नीला बाळाची माया आली आणि तिने ते मारू दिले नाही. इस्लामी परंपरेत तिचे नाव आसिया आहे आणि तिला फार आदराचे स्थान आहे. तौरातमध्ये या ठिकाणी राजाच्या मुलीचा उल्लेख येतो. पुढे वाड्यात अडचण उभी राहिली, कारण बाळ कोणत्याही दाईचे दूध घेईना. दूरून पाहत असलेली बहीण साळसूदपणे पुढे झाली आणि चांगले सांभाळणारे एक घर मला ठाऊक आहे म्हणाली. अशा रीतीने आईच्या कुशीत बाळ परत आले, आणि तौरात सांगते त्याप्रमाणे आपल्याच लेकराला पाजण्याचे वेतनही तिला राजवाड्यातून मिळू लागले. आईचे डोळे निवावेत आणि अल्लाहचा वायदा खरा असतो हे तिला कळावे म्हणून हे घडले, असे कुरआन सांगतो.

शेकडो वर्षांपूर्वी एका वंशाला दिलेले मोठे वचन पुरे व्हायचे होते, त्याची सुरुवात एका गरीब आईला दिलेला छोटा शब्द पाळून झाली.

मूसा राजवाड्यात वाढले. पण दूध आईचे होते, आणि आपण कोण आहोत हे त्यांना माहीत होते. तरुणपणी एकदा शहरात इजिप्तच्या एका माणसाला त्यांनी बनी इस्राईलच्या एकाशी भांडताना पाहिले. मदतीची हाक आली, मूसांनी ठोसा मारला आणि तो माणूस जागीच मेला. मारण्याचा इरादा नव्हता, पण जीव गेला होता. कुरआन या प्रसंगावर पांघरूण घालत नाही. मूसांनी ते सैतानाचे काम मानले, स्वतःवर जुलूम केल्याचे कबूल केले आणि क्षमा मागितली. ती मिळालीही. परंतु दरबारात त्यांना मारण्याची मसलत सुरू झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाहून एक माणूस धावत आला आणि त्याने निघून जायला सांगितले. मूसा मागे पाहत, सावधपणे निघाले ते थेट मदयनला पोहोचले.

तिथल्या विहिरीवर धनगरांची गर्दी होती आणि दोन मुली आपली मेंढरे आवरून बाजूला थांबल्या होत्या. वडील म्हातारे, आणि पुरुषांच्या गर्दीत शिरता येत नव्हते. परागंदा, उपाशी मूसांनी त्यांच्या मेंढरांना पाणी पाजले आणि सावलीत जाऊन बसले. तिथे त्यांनी केलेली प्रार्थना फार साधी आहे. माझ्या पदरात जे चांगले टाकशील त्याचा मी गरजवंत आहे, एवढाच तिचा आशय. त्याच संध्याकाळची सोय त्यातून झाली. मुलींच्या वडिलांनी घरी बोलावले, आसरा दिला, आणि आठ वर्षे, इच्छा असेल तर दहा वर्षे चाकरी करण्याच्या बोलीवर मुलगी दिली. राजवाड्यात वाढलेला तरुण मेंढपाळ झाला. बनी इस्राईलची सुटका ज्याच्या हातून व्हायची होती, तो दूर रानात मेंढरे वळत होता आणि तिकडे इजिप्तमध्ये पाठीवर आसूड पडतच होते. ईश्वराचे वचन आणि माणसाची घाई यांचे गणित जमत नाही, ते असे.

मुदत संपल्यावर मूसा कुटुंबासह निघाले. थंडीच्या अंधारात तूर पर्वताच्या बाजूला त्यांना आग दिसली. विस्तव आणावा, नाहीतर वाट तरी विचारावी म्हणून ते गेले आणि पवित्र तुवा खोऱ्यात त्यांना हाक आली. जोडे उतरवण्याची आज्ञा झाली. हातातली काठी साप बनली, काखेत घातलेला हात लखलखीत पांढरा होऊन बाहेर आला. या निशाण्या घेऊन फिरऔनकडे जा, असे सांगण्यात आले. मूसांनी आपल्या अडचणी मोकळेपणाने मांडल्या. माझ्या हातून तिथे एक माणूस मेला आहे, ते मला मारतील. माझी जीभ अडखळते, भाऊ हारून माझ्यापेक्षा चांगला बोलतो, त्याला सोबत दे. विनंती मान्य झाली. दोघा भावांना आणखी एक सूचना मिळाली की, फिरऔनशी मृदूपणे बोला. लेकरे मारणाऱ्या जुलमी राजाशीही पहिला शब्द मवाळ असावा, ही शिकवण रोज्याच्या दिवसांत तर विशेष आठवावी.

फिरऔनने पालनपोषणाचे उपकार ऐकवले. मूसांचे उत्तर होते की, माझ्या लोकांना गुलाम केलेस, त्यापुढे हा कसला उपकार? पुढे सणाच्या दिवशी, ऊन वर आल्यावर, सर्व लोकांसमोर जादूगारांशी सामना ठरला. त्यांच्या दोऱ्या नि काठ्या सापांसारख्या वळवळू लागल्या तेव्हा मूसांनाही क्षणभर भीती वाटली, हेही कुरआन सांगतो. मग त्यांच्या काठीने ते सारे गिळून टाकले. जादू कशाला म्हणतात हे जादूगारांनाच सर्वांत चांगले ठाऊक होते, म्हणून सर्वांत आधी तेच नतमस्तक झाले. विरुद्ध बाजूंचे हातपाय तोडून सुळावर देण्याची धमकी मिळाली तरी ते ढळले नाहीत. सकाळी बक्षिसाच्या आशेने आलेली ही माणसे होती.

आता सुटका झाली असेल, असे वाचकाला वाटेल. उलट छळ वाढला. बनी इस्राईल मूसांनाच बोल लावू लागले की, तू येण्यापूर्वीही आम्ही सोसले आणि तू आल्यावरही सोसतोच आहोत. मूसांनी त्यांना धीर धरायला सांगितले. जमीन अल्लाहची आहे, तो हवे त्याला तिचे वारस करतो. तुमच्या शत्रूला दूर करून तो तुम्हाला त्या जागी बसवील आणि मग तुम्ही कसे वागता ते पाहील. आशा देता देता त्यांनी ही जाणीवही दिली. सुटकेनंतर परीक्षा संपणार नव्हती, दुसरी सुरू होणार होती.

फिरऔनच्या देशावर पूर आला, टोळधाड आली, उवा आल्या, बेडूक आले, पाण्याचे रक्त झाले. प्रत्येक संकटात तो मूसांना दुआ करायला सांगे, संकट टळले की शब्द फिरवी. या कथेत दोन बाजूंना दोन शब्द आहेत. एक राजाचा, गरज सरली की मोडणारा. दुसरा ईश्वराचा, चार शतके उलटली तरी न मोडणारा.

अखेर एका रात्री निघण्याची आज्ञा झाली. तौरातमध्ये निघालेल्या पुरुषांचीच संख्या सुमारे सहा लाख दिली आहे. त्या धांदलीतही मूसा यूसुफांची शपथ विसरले नाहीत. त्यांच्या अस्थी त्यांनी सोबत घेतल्या. दिवस उजाडताना फिरऔनचे सैन्य मागे दिसू लागले, पुढे समुद्र होता. लोक ओरडले की आता सापडलो. मूसा शांत होते. माझा प्रभू माझ्यासोबत आहे, तो वाट दाखवील, असे त्यांनी सांगितले. काठी पाण्यावर आपटली आणि समुद्र दुभंगला, दोन्हीकडचे पाणी डोंगरासारखे उभे राहिले. बनी इस्राईल पार झाले, मागून आलेला फिरऔन बुडाला. गटांगळ्या खाताना त्याने ईमान जाहीर केले, पण वेळ टळून गेली होती. दुबळे समजल्या गेलेल्या लोकांना अल्लाहने बरकतीच्या भूमीचे वारस केले आणि त्यांनी धीर धरला म्हणून त्यांना दिलेला शब्द पुरा झाला, असे कुरआन यावर स्पष्ट नोंदवतो.

शब्द देणाऱ्याने आपली बाजू निभावली. ज्यांना शब्द मिळाला होता त्यांचे काय झाले, हे पुढचे प्रकरण आहे. मूसा तूर पर्वतावर तीस रात्रींसाठी गेले, त्यात दहाची भर पडून चाळीस झाल्या. तेवढ्या काळात खाली लोकांनी सामिरीच्या नादाने सोन्याचे वासरू पूजायला घेतले. वाळवंटात त्यांना मन्न आणि सलवा मिळत होते, खडकातून बारा झरे वाहत होते, तरी त्यांनी काकडी, लसूण, मसूर आणि कांद्याचा हट्ट धरला. गुलामीच्या भाकरीचीही जिभेला आठवण राहते. शेवटी वचनाच्या भूमीच्या वेशीवर येऊन त्यांनी आत जायला नकार दिला. तिथले लोक धिप्पाड आहेत, तुम्ही आणि तुमचा प्रभू जाऊन लढा, आम्ही इथेच बसतो, असे त्यांनी सुनावले. दोघेच तेवढे धीराचे निघाले. परंपरेत त्यांची नावे यूशा आणि कालिब अशी येतात. मग निवाडा झाला की, ही भूमी चाळीस वर्षे त्यांना वर्ज्य राहील आणि ते रानोमाळ भटकतील. वचन रद्द झाले नाही. त्या पिढीच्या हातून ते निसटून पुढच्या पिढीकडे गेले.

मूसांनी त्या चाळीस वर्षांत लोकांची साथ सोडली नाही. रागावले, दाढीला हात घालून भावाला जाब विचारला, पण लोकांसाठी क्षमाही त्यांनीच मागितली. वाटेत हारून गेले. तौरातनुसार मूसा १२० वर्षांचे झाले तेव्हा त्यांना आजच्या जॉर्डनमधील नबो पर्वतावरून ती भूमी दाखवण्यात आली. हिरवी खोरी, पलीकडे यरीहो, दूरवर क्षितिज. त्यात त्यांना पाऊल टाकायचे नव्हते. हदीसमध्ये येते की, मरण समोर आल्यावर त्यांनी एकच मागणे केले, त्या पवित्र भूमीपासून धोंडा फेकण्याच्या अंतरावर मला आणून सोड. तांबड्या वाळूच्या टेकडीपाशी, रस्त्याच्या कडेला त्यांची कबर असल्याचे पैगंबर मुहंमद यांनी सांगितले. तौरात म्हणते, त्यांची कबर कुणाला ठाऊक नाही. यरीहोजवळ त्यांच्या नावाचा दर्गा आहे, सुलतान बैबर्सने तो १२६९ मध्ये बांधला.

यूशांच्या नेतृत्वाखाली नवी पिढी जॉर्डन नदी ओलांडून गेली. यूसुफांच्या अस्थी शखेममध्ये, म्हणजे आजच्या नाब्लसपाशी, मातीला मिळाल्या. ज्यांनी त्या चाळीस वर्षे वाहिल्या ते मूसा मात्र अलीकडेच राहिले.

या चरित्राची आठवण पुढे मदीनेत जागी झाली. ६२२ मध्ये मक्केहून तिथे आल्यावर पैगंबरांना दिसले की, ज्यू लोक आशुराचा रोजा ठेवतात. कारण विचारले तेव्हा कळले की, या दिवशी मूसांची आणि त्यांच्या लोकांची फिरऔनपासून सुटका झाली. मूसांशी आमचे नाते अधिक जवळचे आहे, असे सांगून पैगंबरांनी स्वतः तो रोजा ठेवला आणि अनुयायांनाही ठेवायला सांगितला. हिजरी सन २ मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले आणि आशुराचा रोजा ऐच्छिक राहिला. म्हणजे मदीनेत मुसलमानांनी रमजानच्या आधी ठेवलेला रोजा बनी इस्राईलच्या सुटकेचा होता. मेराजच्या रात्री पन्नास नमाजांच्या पाच झाल्या, त्याही मूसांच्या आग्रहामुळे. लोक किती पेलू शकतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

मराठीलाही ही कथा परकी नाही. अलिबागेत इस्राईल आळी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले आपले बेने इस्राईल बांधव पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले, आणि त्यांच्या कीर्तनकारांनी बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनाच्या रीतीने रंगवली.

आज त्या भूमीवर रक्त सांडते आहे आणि जुन्या वचनांचे दाखले दिले जात आहेत. त्या वादाचा निवाडा या पानावर होणार नाही. पण मूसांचे चरित्र एवढे नक्की सांगते की, ईश्वराचे वचन म्हणजे वंशाच्या नावे कायमचा लिहून दिलेला सातबारा नव्हे. इब्राहिमांना सांगितलेली अट त्याला चिकटलेलीच आहे. जुलूम सोसणाऱ्यांच्या बाजूने ते धावून येते, आणि सुटलेलाच जुलूम करू लागला तर ते त्याच्या हातून निसटते. कुरआनात ही कथा एवढ्या वेळा येते ती दुसऱ्या कौमेला नावे ठेवण्यासाठी नाही. ऐकणाऱ्या मुसलमानाने त्यात स्वतःला पाहावे म्हणून ती येते. आपल्याला ग्रंथ मिळाला, रमजान मिळाला, क्षमेचे वायदे मिळाले. मजुराची मजुरी वेळेवर देतो का, घरातल्या कमजोरावर आवाज चढवतो का, शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळतो का, हे आपल्याकडूनही पाहिले जाणार आहे.

म्हणून आज रात्री तरावीहमध्ये मूसांचे नाव कानावर येईल तेव्हा त्या आईलाही आठवावे. ज्या नदीत तिने बाळ सोडले, त्याच नदीने ते तिच्याकडे परत आणले. तिने आपल्या वाट्याचे काम केले होते, उरलेले ज्याने शब्द दिला त्याने केले.